गरज सरेपर्यंतचं औदार्य

कॉम्प्युटरचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण यंत्रं मोजत पुढे जातात. अमुक साली आयबीएमचा पीसी आला, तमुक साली मॅकिन्टॉश, मग विंडोज, मग आयफोन. फार झालं तर प्रोग्रामिंगच्या भाषांची वंशावळ जोडतात. पण यंत्र बाजारात आलं म्हणजे त्यावर कोणालाही प्रोग्राम लिहिता येतो असं नाही. त्यासाठी दोन गोष्टी हाताशी लागतात. एक, लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारी अवजारं. दुसरी, त्या यंत्राच्या पोटात कोणती सोय कुठे आहे आणि ती कशी मागायची हे सांगणारी कागदपत्रं. ही अवजारं आणि कागदपत्रं कोणाला मिळाली, किती पैसे मोजून आणि कोणत्या अटीवर मिळाली, हा प्रश्न तळटीपेत ढकलला जातो. वास्तविक या धंद्यात कोण शिरलं आणि कोण दाराबाहेर राहिलं, याचा निकाल पुष्कळदा तिथेच लागला आहे. गेल्या पन्नासेक वर्षांतला हा कागदांचा व्यवहार सलग पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या मालकाला प्रोग्रामरांची निकड असते तो माहिती वाटत सुटतो. ज्याच्या दारात प्रोग्रामरांची रांग लागली आहे तो अटी लिहायला बसतो. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ या दोन म्हणींमध्ये हा सगळा इतिहास मावतो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

सुरुवात युनिक्सपासून करणं सोयीचं. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेलं ‘युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल’ केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिहिलं. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानावर आज्ञेचं नाव, वापरायची रीत, वर्णन, आणि शेवटाकडे ‘बग्ज’ असा मथळा. त्या मथळ्याखाली या प्रोग्रामात काय बिघडतं, काय अर्धवट राहिलं आहे, हे करणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलेलं. विकायला काढलेल्या मालाच्या माहितीपत्रकात असा मथळा सापडायचा नाही. इथे तो सापडतो, कारण माल विकायचाच नव्हता. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी होती, आणि १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरायची मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र दरात, सोर्स कोडसकट मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकाने १९७६-७७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्याचा फायदा करून घेतला. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा म्हणजे सुमारे ९,००० ओळी. त्या त्याने एका खंडात छापल्या आणि दुसऱ्या खंडात त्यांचं क्रमवार विवरण केलं. मूळ ओवी आणि तिच्यावरची टीका एकत्र वाचण्याची सवय मराठी वाचकाला आहेच. चालू ऑपरेटिंग सिस्टिम अशी टीकेसह वाचायला मिळणं मात्र जगाला नवीन होतं.

ते फार दिवस टिकलं नाही. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात सोर्स कोड वर्गात शिकवायला मनाई करणारं कलम आलं. या मालाला बाजारात भाव आहे हे तोवर कंपनीच्या ध्यानात आलं होतं. लायन्सचं पुस्तक त्यानंतर झेरॉक्सची झेरॉक्स, तिची आणखी झेरॉक्स, अशा रूपात हातोहात फिरत राहिलं. कित्येक प्रतींमध्ये अक्षरं पुसट होत होत वाचायच्या पलीकडे गेली. ते उघडपणे छापून यायला १९९६ साल उजाडलं. पण या बंदीचं खरं फळ वेगळंच निघालं. ॲम्स्टरडॅममध्ये ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या अँड्र्यू टॅननबॉम यांना वर्गात दाखवायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच मिनिक्स नावाची छोटी सिस्टिम लिहिली आणि १९८७ मध्ये तिचा कोड पाठ्यपुस्तकात छापला. ते पुस्तक वाचून आणि मिनिक्सवर काम करत हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. आज खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे. एका परवान्यातल्या एका कलमाने झाकलेला कागद असा बारा वर्षांनी दुसऱ्याच दाराने बाहेर आला.

इथे कोणी म्हणेल, की थॉम्पसन, रिची किंवा लायन्स यांना कोणाची गरज नव्हती. त्यांनी दिलं ते ज्ञान वाटावं म्हणून दिलं. मग माझा नियम कुठे राहिला? हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मान्यच करायला हवा. चांगली कागदपत्रं नेहमी कोणा एका माणसाच्या जिद्दीतून तयार होतात. कंपनीच्या धोरणातून चांगलं वाक्य लिहिलं जात नाही. मात्र लिहिलेलं बाहेर जाऊ द्यायचं की नाही, हे तो माणूस ठरवत नाही. लायन्सची इच्छा १९७७ मध्ये जी होती तीच १९७९ मध्येही होती. बदललं ते कंपनीचं गणित.

आयबीएमचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी या कंपनीने आपला पीसी जाहीर केला तेव्हा ॲपल-२ ला बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. मोठ्या कॉम्प्युटरांच्या जगात दरारा असलेली ही कंपनी छोट्या कॉम्प्युटरांच्या बाजारात उशिरा आलेली पाहुणी होती, आणि तिला इतरांनी लिहिलेले प्रोग्राम व इतरांनी बनवलेली कार्डं ताबडतोब हवी होती. म्हणून तिने ‘टेक्निकल रेफरन्स’ विक्रीला ठेवला. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या, इतकंच नव्हे तर यंत्र सुरू होताच चालणाऱ्या बायोसची संपूर्ण सोर्स लिस्टिंग होती. कॉम्पॅकसारख्यांनी मूळ कोडची नक्कल न करता तसंच वागणारा बायोस नव्याने लिहिला आणि पीसीच्या जुळ्या भावंडांनी बाजार भरून गेला. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ आणला. यावेळी मायक्रो चॅनेल नावाची नवी जोडणी वापरायची तर परवाना घ्या, पैसे भरा, असा पवित्रा होता. बाजार आपल्या मागे येईल ही खात्री त्यामागे होती. बाजार आला नाही. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःची वेगळी जोडणी ठरवली.

मॅकिन्टॉशची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण कागदपत्रं लिहिण्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते तिथे जवळून दिसतं. जानेवारी १९८४ मध्ये २,४९५ डॉलरला हे यंत्र आलं. त्यावर खिडक्या, मेनू, माउस हे सगळं आयतं होतं, आणि ते वापरायचं तर रॉममध्ये बसवलेल्या शेकडो फंक्शन्सची ओळख हवी. ती करून देण्यासाठी ‘इनसाइड मॅकिन्टॉश’ लिहिलं गेलं, आणि त्याच्या लेखन-संपादनाची मुख्य जबाबदारी कॅरोलिन रोझ यांच्याकडे होती. त्या प्रोग्रामरांसमोर बसून प्रश्न विचारत. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारत. अँडी हर्ट्झफेल्ड या मॅकच्या मुख्य प्रोग्रामरांपैकी एकाने नोंदवून ठेवलं आहे, की रोझ यांना एखादी गोष्ट कळत नसेल तर बहुधा ती रचनेतच चुकलेली असे, आणि मग समजावण्याऐवजी कोडच दुरुस्त करावा लागे. माहितीपुस्तिका शेवटी चिकटवायचं लेबल नसते, घडणीतलाच भाग असते, याला याहून चांगला पुरावा शोधायला नको. कच्ची प्रकरणं आधी सुट्या पानांत वाटली गेली, १९८५ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीसारख्या हलक्या कागदावरची आवृत्ती निघाली, आणि त्याच साली ॲडिसन-वेस्लीने पहिले तीन खंड छापले. कोणतंही एक प्रकरण समजायला आधी बाकीची सगळी समजलेली असावी लागतात, अशी थट्टा त्या पुस्तकाची होई, आणि ती थट्टा रास्त होती.

पुस्तक मिळालं तरी अवजार बाकी उरतं. सुरुवातीला मॅकसाठी प्रोग्राम लिहायचा तर मॅक पुरत नसे. ॲपलचीच लिसा लागे, आणि १९८३ मध्ये बाजारात येताना लिसाची किंमत ९,९९५ डॉलर होती. म्हणजे घरापेक्षा शिडी महाग. ॲपलला हा अडथळा परवडणारा नव्हता, कारण प्रोग्रामांवाचून मॅक विकला जाणार नव्हता. म्हणून कंपनीने ‘इव्हँजेलिस्ट’ म्हणजे धर्मप्रचारक अशा पदावर माणसं नेमली. त्यांचं काम सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दारी जाऊन, यंत्रं आणि कागद हाती देऊन, ‘आमच्यासाठी लिहा’ अशी गळ घालणं. हे पद निर्माण व्हावं यातच सगळं आलं. ॲपलने पुढे एखाद्या प्रोग्रामरच्या दारी इतक्या नम्रपणे जावं असा प्रसंग त्या दशकानंतर क्वचित आला.

याच सुमारास बोरलँड या छोट्या कंपनीने अवजारांच्या किमतीचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. नोव्हेंबर १९८३ मध्ये टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला आलं. एडिटर आणि कंपायलर एकाच ठिकाणी, सोबत छापील मॅन्युअल, आणि परवान्यात एवढीच अट, की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. एका वेळी एकाच जागी वाचलं जाईल इतकं पाहा. इतर कंपन्यांचे कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरला जात.

मायक्रोसॉफ्टचं विंडोज त्या वेळी अडल्या हरीच्याच स्थितीत होतं. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेली पहिली आवृत्ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. पडद्यावर एक ओळ उमटवायची तर सी भाषेत जवळजवळ शंभर ओळी लिहाव्या लागत, आणि त्या का लिहायच्या हे समजावणारं फारसं कोणी नव्हतं. डिसेंबर १९८६ च्या ‘मायक्रोसॉफ्ट सिस्टिम्स जर्नल’मध्ये चार्ल्स पेट्झोल्ड यांनी त्यावर लेख लिहिला आणि १९८८ मध्ये ‘प्रोग्रामिंग विंडोज’ हे पुस्तक. प्रकाशक मायक्रोसॉफ्टचीच प्रकाशनसंस्था. या पुस्तकाचा दबदबा असा, की प्रोग्रामर पुस्तकाचं नाव न घेता ‘पेट्झोल्डमध्ये बघ’ म्हणत.

मे १९९० मध्ये विंडोज ३.० आलं, तुफान खपलं आणि हवा बदलली. १९९२ मध्ये अँड्र्यू शुलमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं ‘अनडॉक्युमेंटेड विंडोज’ प्रसिद्ध झालं. विंडोजमध्ये अशी कितीतरी फंक्शन्स आहेत जी कोणत्याही अधिकृत कागदावर नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे काही प्रोग्राम मात्र ती वापरतात, हे त्यांनी विंडोज उसवून दाखवलं. या मुद्द्यावर हमखास एक आक्षेप येतो. त्याच १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसडीएन ही प्रोग्रामरांसाठीची माहितीसेवा सुरू केली, दर तिमाहीला भरगच्च सीडी पाठवायला सुरुवात केली, आणि तिच्या वर्चस्वाच्या ऐन काळात तिच्याइतकी विपुल कागदपत्रं दुसऱ्या कोणाचीच नव्हती. मग ताकद वाढली की कागद आवळले जातात हे कसं? उत्तर असं, की काय दिलं आणि काय राखलं ते वेगवेगळं पाहायला हवं. ज्या माहितीने विंडोजवर आणखी प्रोग्राम येतील ती खुली होती. ज्या माहितीने विंडोजच्या जागी दुसरं काही बसवता येईल ती बंद होती. ऑफिसातल्या विंडोज पीसींना दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर जोडायचा तर त्यांच्या आपसातल्या बोलण्याचे नियम कळायला हवेत. ते पूर्ण रूपात कुठेच नव्हते, आणि असा सर्व्हर लिहिणाऱ्या साम्बा या प्रकल्पातल्या लोकांना तारेवरून जाणारा एकेक संदेश पकडून ते ताडावे लागले. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्यामागचं एक प्रमुख कारण हेच होतं. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्यानंतर, फेब्रुवारी २००८ मध्ये, कंपनीने ३०,००० हून अधिक पानं सर्वांसाठी मोकळी केली. ती पानं अशी एका महिन्यात लिहून होत नाहीत.

आता महाराष्ट्र. इथे या नियमाचं काय झालं हे पाहणं उद्बोधक आहे, कारण इथे वाटणारा मालक फार दूर होता आणि त्याला इथल्या प्रोग्रामरांची गरजही नव्हती. १९८४ च्या धोरणानंतर कॉम्प्युटर आयात करणं काहीसं सोपं झालं, पीसी येऊ लागले, पण डॉलरमधली अवजारं आणि पुस्तकं पगारी माणसाच्या आवाक्याबाहेरच होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फ्लॉपी कॉपी करून मिळे आणि टर्बो सी कॉलेजच्या लॅबपर्यंत पोहोचलं ते बहुतेक ठिकाणी याच वाटेने. यावरून कोणी असा निष्कर्ष काढतो, की आपल्याकडे किंमत आणि परवाना या गोष्टी निरर्थक होत्या, सगळं फुकटच मिळत होतं. हा निष्कर्ष घाईचा आहे. फ्लॉपीची कॉपी निघते, तिच्याबरोबर डब्यात आलेल्या जाडजूड मॅन्युअलची तितक्या सहज निघत नाही. कंपायलर आला, माहितीपुस्तिका मागेच राहिली. जी मदत आली ती कंट्रोल आणि एफ-१ दाबल्यावर निळ्या पडद्यावर उघडणाऱ्या चौकटीपुरती. ही चौकट फंक्शनचं नाव ठाऊक असलेल्याला उपयोगी, नाव शोधणाऱ्याला नाही.

ही पोकळी देशी पुस्तकांनी भरली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं ‘लेट अस सी’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. बालगुरुस्वामींची पुस्तकं अभ्यासक्रमाला लागत. प्रेंटिस-हॉलने कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या मूळ ग्रंथाची स्वस्त भारतीय आवृत्ती काढलेली होतीच. पण कानेटकरांचं पुस्तक समोर टर्बो सी उघडं आहे आणि समजावायला कोणी नाही असं धरून लिहिलेलं होतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ते नवं मिळे, जुनं मिळे, पेन्सिलच्या खुणांसकट मिळे. हरवलेल्या मॅन्युअलचं काम या पुस्तकांनी केलं, आणि त्याची किंमतही दुसऱ्या रूपाने मोजावी लागली. पुस्तक आणि अवजार एकमेकांना इतकं चिकटलं की नव्वदीच्या सुरुवातीचं टर्बो सी++ महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पुढची वीस वर्षं हटलं नाही. ‘व्हॉइड मेन’, ‘कोनिओ डॉट एच’, शेवटी पडदा थांबवायला ‘गेटच’ ही त्रिसूत्री भाषेच्या प्रमाण रूपात बसत नव्हती. १९९८ मध्ये सी++ चं प्रमाणीकरण झालं तेव्हा ‘आयओस्ट्रीम’ला शेपूट उरलं नाही, पण प्रॅक्टिकलच्या जर्नलात ‘डॉट एच’ तसंच राहिलं. ६४ बिटी विंडोजवर हा सोळा बिटी कंपायलर चालेना तेव्हा डॉसबॉक्स घालून त्याच्या पोटात जुना निळा पडदा पुन्हा उभा केला गेला. याला शिक्षकांचा आळस म्हणणं सोपं आहे. नवं अवजार घ्यायचं तर नवं पुस्तक, नवी जर्नलं, नवा प्रश्नसंच हे सगळं एकदम बदलावं लागलं असतं, आणि ते करून देण्यात कोणत्याच कंपनीला रस नव्हता, हे त्याहून खरं कारण.

इंटरनेटने हे लगेच बदललं असं मानलं जातं, तेही तपासून घ्यावं. १५ ऑगस्ट १९९५ पासून व्हीएसएनएलची सेवा सर्वसामान्यांना मिळू लागली. २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून, लाइन एकदाही न तुटता, एक ६५० एमबीची सीडी उतरवायची तर सुमारे ५० तास लागतात. लाइन तुटायचीच. जावा भाषेत प्रोग्राम लिहायचं जेडीके हे अवजार फुकट होतं हे खरं, पण फुकट आणि उपलब्ध यांत टेलिफोनचं बिल उभं होतं. त्यामुळे त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’सारख्या मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीचं महत्त्व मासिकापेक्षा जास्त असे. लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते अशा सीडीवर, असं सांगणारी एक अख्खी पिढी इथे आहे.

मोबाइलच्या जगात हाच खेळ वेगाने खेळला गेला. युनिक्सला जे घडायला दशक लागलं ते इथे थोड्याच वर्षांत घडलं. नोकिया शिखरावर होती तेव्हा तिच्या फोनवरच्या सिम्बियन या सिस्टिमसाठी लिहिणं म्हणजे व्रत होतं. साध्या अक्षरमालेसाठी ‘डिस्क्रिप्टर’चे अनेक प्रकार, मेमरी सांभाळायला हाताने भरायचा ‘क्लीनअप स्टॅक’, आणि फोनच्या महत्त्वाच्या सोयींना हात लावायचा तर ‘सिम्बियन साइन्ड’ची डिजिटल सही. ग्राहक आपलेच आहेत, प्रोग्रामर येतील झक मारत, असा तो काळ. मग आयफोन आला, आणि २००८ मध्ये सिम्बियन खुलं करण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये सगळा कोड खुला झालाही. तेवढ्यात गाडी निघून गेली होती. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सिम्बियन फाउंडेशनने आपली संकेतस्थळं बंद केली आणि ज्यासाठी लोकांनी वर्षं घातली ती कागदपत्रं एका तारखेला दिसेनाशी झाली. छापील पुस्तकाच्या बाबतीत हे कधी होत नव्हतं. मॅकच्या त्या हलक्या कागदावरच्या प्रती आजही कोणाकोणाच्या कपाटात आहेत.

ॲपलने जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आणताना बाहेरच्या प्रोग्रामरांना फक्त वेब-ॲप लिहायला सांगितलं होतं. ६ मार्च २००८ रोजी एसडीके, म्हणजे ॲप लिहायच्या अवजारांचा आणि कागदपत्रांचा संच, आलं आणि पहिल्या चार दिवसांत ते एक लाखाहून अधिक वेळा उतरवलं गेलं. रांग लागली ती अशी. तिच्यातल्या प्रत्येकाला गुप्ततेचा करार मान्य करावा लागला. करारानुसार एसडीकेत काय आहे हे बाहेर कोणाशी बोलायचं नाही. म्हणजे अडलेल्या माणसाने शेजारच्या कंपनीतल्या मित्राला विचारायचं नाही, वर्ग घ्यायचा नाही, पुस्तक छापायचं नाही. १० जुलैला ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲपसह उघडलं तरी करार कायम होता. ‘प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर्स’ या प्रकाशनाला तयार होत आलेलं पुस्तक मागे घ्यावं लागलं. १ ऑक्टोबरला ॲपलने ही अट सोडली आणि ती प्रोग्रामर व लेखकांना जाचक झाल्याचं कबूल केलं. त्याच महिन्यात अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत विक्रीला आला. एकामुळे दुसरं घडलं असं म्हणायला पुरावा नाही, पण योगायोग बोलका आहे. अँड्रॉइडचं एसडीके नोव्हेंबर २००७ मध्येच, एकही फोन बाजारात नसताना, कोणत्याही गुप्ततेशिवाय मोकळं झालं होतं. वर चांगली ॲप लिहिणाऱ्यांना मिळून एक कोटी डॉलरची बक्षिसं. गूगलचा हरी तेव्हा अडलेला होता.

आता शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. आज ॲपलचं एक्सकोड फुकट, गूगलचं अँड्रॉइड स्टुडिओ फुकट, २०१४ पासून मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट, आणि मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं तर गिटहबवर कोणीही दुरुस्ती सुचवावी अशी. मग भांडण उरलं कुठे? यातली मायक्रोसॉफ्टची उदारता मोबाइलचा बाजार हातचा गेल्यावरची आहे, हे आधी लक्षात घ्यावं. ॲपलनेही अवजारं फुकट द्यायला सुरुवात केली ती शतकाच्या आरंभी, मॅकचा वाटा बाजारात नाममात्र असताना. आणि दुसरं म्हणजे अटी गेल्या नाहीत, सरकल्या. पूर्वी त्या पुस्तकाच्या किमतीत असत, आता दुकानाच्या दारात आहेत. आयफोनच्या ॲपला वर्षाला ९९ डॉलर आणि ते बांधायला मॅक. अँड्रॉइडच्या दुकानात एकदाच २५ डॉलर, पण दरवर्षी ॲप नव्या आवृत्तीला जुळवून घ्यायची सक्ती. कागदपत्रांचा तुटवडा संपला, त्यांचं आयुष्य मात्र आखूड झालं. अँड्रॉइडवर मागे चालणाऱ्या कामासाठी वर्षानुवर्षं शिकवलेला ‘असिंकटास्क’ २०२० मध्ये कालबाह्य ठरला. जावातली उदाहरणं २०१९ नंतर कॉटलिन या भाषेच्या मागे गेली, आणि २०२१ मध्ये ‘कंपोज’ आल्यावर पडदा रचायची रीतच पालटली. आज कागद शोधावा लागत नाही. सापडलेल्या वीसांपैकी जिवंत कोणता ते ओळखावं लागतं. ते ओळखण्याची चावी ज्याने रीत बदलली त्याच्याच हाती असते.

अँड्रॉइडवर एक पळवाट कायम होती : दुकानात न जाता एपीके फाइल सरळ कोणालाही द्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं, की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर घालायच्या प्रत्येक ॲपच्या लेखकाला, तो दुकानाबाहेर वाटत असला तरी, कंपनीकडे आपली ओळख नोंदवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, २०२७ पासून इतरत्र. कारण दिलं ते फसव्या ॲपचं, आणि ते कारण खोटं नाही; बँकेचे पैसे लुटणारी बनावट ॲप हा थायलंडइतकाच आपल्याकडचाही रोजचा प्रकार आहे. पण ती फसवणूक दहा वर्षांपूर्वीही होती. मुक्त सॉफ्टवेअरची ॲप २०१० पासून वाटणाऱ्या एफ-ड्रॉइडने या नियमाखाली आपलं काम चालणार नाही असं कळवलं. ओरड वाढल्यावर नोव्हेंबरात गूगलने विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं मर्यादित खातं, तसंच धोका पत्करायला तयार असलेल्या जाणकारांसाठी एक वेगळी वाट देऊ केली. पहिला फोन विकायच्या आधी या कंपनीने एक कोटी डॉलर हातात घेऊन ज्यांना बोलावलं होतं, त्यात हे हौशीच पुष्कळ होते.